टक्कर-प्रयोगांतील ट्रिगर: जे नोंदलेच गेले नाही, त्याविषयी खात्रीने कसे बोलता येते?

सागरशाळा (मालवण)

नमस्कार. मी मालवणजवळच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते. मूलकणांविषयी पाठ्यपुस्तकाबाहेरचे थोडेफार सांगताना मी वर्गात सर्न या युरोपातील कणभौतिकी प्रयोगशाळेच्या लार्ज हॅड्रॉन कोलायडरचा, म्हणजे एलएचसीचा, विषय काढला होता. तिथे प्रोटॉनांचे पुंजके दर २५ नॅनोसेकंदांनी एकमेकांना छेदतात, म्हणजे सेकंदाला सुमारे ४ कोटी वेळा, आणि त्यांपैकी सेकंदाला फक्त काही हजार प्रसंगांची नोंद कायमची ठेवली जाते, एवढे ऐकल्यावर एका विद्यार्थिनीने विचारले, "बाकीचे सगळे जर तिथल्या तिथे पुसून टाकले, तर त्यात काही महत्त्वाचे नव्हते हे कोणाला आणि कसे कळले?"

या प्रश्नाला वरवरचे उत्तर देऊन पुढच्या धड्याकडे वळणे मला पटत नाही. निवड करणारी ही ट्रिगर यंत्रणा नेमकी कोणत्या माहितीवर आणि किती वेळात निर्णय घेते, टाकून दिलेल्या टकरींबद्दल प्रयोग करणारे कशाच्या बळावर विधाने करतात, आणि ज्याची कोणी कल्पनाच केलेली नाही असे काही घडले तर ते या चाळणीतून पार होईल का, हे मला समजून घ्यायचे आहे. विद्यार्थ्यांपुढे मांडता येतील अशी आकडेमोड कोणी दिली तर फार उपकार होतील.

---

कातळशिल्प (रत्नागिरी)

मॅडम, संशोधनाच्या काळात मी एलएचसीवरच्या सीएमएस प्रयोगाच्या ट्रिगरचे काम करणाऱ्या एका गटात होतो, त्यामुळे उत्तर बहुतांशी त्याच प्रयोगाच्या अंगाने देतो. तिथल्याच ॲटलस प्रयोगाची रचना तपशिलात वेगळी असली तरी मूळ विचार तोच आहे.

सगळे का ठेवत नाहीत, हे आधी पाहू. एका प्रसंगाची माहिती साधारण १ मेगाबाइट भरते. ती ४ कोटींनी गुणली की सेकंदाला ४० टेराबाइट होतात. अडचण केवळ साठवणुकीची नाही. टक्करबिंदूला अगदी लगटून असलेल्या मार्गशोधकातून एवढी माहिती दर क्षणी बाहेर आणायची तर त्याच्या पोटात इतक्या तारा, इतकी वीज आणि इतकी उष्णता कोंबावी लागेल की ज्या कणांचे मार्ग मोजायचे तेच त्या सामग्रीवर आपटून विखुरतील. शिवाय बहुतेक टकरी परिचित असतात. १३ टेराइलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेला प्रोटॉन-प्रोटॉन अप्रत्यास्थ टकरीचा काटछेद (ती घडण्याची शक्यता सांगणारे क्षेत्रफळ, बार्न या एककात) सुमारे ८० मिलीबार्न आहे आणि हिग्ज बोसॉन निर्माण होण्याचा सुमारे ५५ पिकोबार्न. भागाकार केला तर साधारण दीड अब्ज टकरींमागे एक हिग्ज पडतो. त्यातही दोन फोटॉनांमध्ये विघटन पावणारे हिग्ज हजारात दोन-तीनच असतात, आणि ४ जुलै २०१२ रोजी जाहीर झालेल्या शोधात या वाटेचा वाटा मोठा होता.

आता वेळेविषयी. २५ नॅनोसेकंदांत प्रकाश साडेसात मीटर जातो. सीएमएस शोधक सुमारे २१ मीटर लांब आहे, ॲटलस त्याच्या दुपटीहून लांब. म्हणजे एका टकरीतून निघालेले कण शोधकाच्या बाहेरही पडलेले नसतात, तोवर पुढची टक्कर झालेली असते. साहजिकच निर्णय २५ नॅनोसेकंदांत पुरा होत नाही. शोधकावरच बसवलेल्या स्मृतीत प्रत्येक प्रसंगाची संपूर्ण माहिती सुमारे ४ मायक्रोसेकंद रांगेत थांबते, म्हणजे कोणत्याही क्षणी दीडशेहून अधिक प्रसंग निकालाची वाट पाहत उभे असतात. दरम्यान ऊर्जामापी आणि म्यूऑन (इलेक्ट्रॉनचा जड भाऊबंद) टिपणारे म्यूऑन-कक्ष यांच्याकडून आलेली ढोबळ माहिती पहिल्या पातळीच्या ट्रिगरकडे जाते. हा ट्रिगर म्हणजे खास बनवलेली इलेक्ट्रॉनिक यंत्रणा. तिचा प्रत्येक टप्पा आपले ठरलेले काम करून माहिती पुढच्या टप्प्याकडे सोपवतो आणि लगेच पुढच्या प्रसंगाला भिडतो. वेळेत 'ठेवा' असा निरोप आला नाही तर रांगेतल्या त्या जागेवर नवी माहिती लिहिली जाते. इथे जे गेले ते कायमचे गेले.

या पातळीवरून सेकंदाला जास्तीत जास्त १ लाख प्रसंग पुढे जातात. पुढची पातळी म्हणजे हजारो प्रोसेसर असलेले संगणकगृह. तिथे मार्गशोधकासह सगळी माहिती हाताशी असते आणि एका प्रसंगाला सरासरी काहीशे मिलिसेकंद मिळतात. तिथेही स्वस्तातल्या तपासण्या आधी आणि महागड्या नंतर असा क्रम असतो. त्यातून जे उरते ते साठवले जाते.

आता आपल्या विद्यार्थिनीचा खरा प्रश्न. टाकून दिलेल्यांबद्दल बोलण्याचे तीन आधार आहेत, आणि त्यांची ताकद सारखी नाही.

पहिला आधार झेड बोसॉन या जड कणाचा. झेडचे विघटन कधी कधी दोन म्यूऑनांमध्ये होते. त्यातल्या एका म्यूऑनने स्वतःच्या जोरावर ट्रिगर चालवला असेल, तर दुसरा म्यूऑन त्या नोंदीत आपोआप येतो. दोघांचे मिळून वस्तुमान झेडइतके, म्हणजे ९१ जीईव्हीच्या (गिगाइलेक्ट्रॉनव्होल्टच्या) आसपास निघाले की तो दुसरा खरा म्यूऑन होता हे ठरते, आणि मग विचारता येते की यानेही ट्रिगर चालवला असता का? असे लाखो म्यूऑन तपासले की ट्रिगरची कार्यक्षमता संवेगानुसार आणि दिशेनुसार रेखाटता येते. २४ जीईव्हीचा उंबरठा म्हणजे सरळ उभी भिंत नसते. ट्रिगरचे मोजमाप ढोबळ असल्यामुळे २३ जीईव्हीचे काही म्यूऑन आत येतात आणि २५ चे काही बाहेर राहतात. हा चढ किती तिरपा आहे हे मोजलेले असते आणि प्रत्येक निष्कर्षात त्याची दुरुस्ती केलेली असते.

दुसरा आधार प्रीस्केलचा. खालच्या उंबरठ्याचे ट्रिगरही चालू ठेवतात, मात्र त्यांना पात्र ठरलेल्या प्रसंगांपैकी शंभरातला, हजारातला किंवा लाखातला एकच घेतात, म्हणजे उंबरठ्याखाली काय होते याचा नमुना हाती राहतो.

तिसरा आधार मला सर्वांत प्रामाणिक वाटतो: आत काय आहे याकडे न पाहता, केवळ पुंजके छेदले म्हणून काही प्रसंग उचलून ठेवणे. आपल्याकडे हापूसची प्रतवारी वजनावर आणि सालीवर होते. आतला साका (गरातला दोष) बाहेरून दिसत नाही, म्हणून बाजूला काढलेल्या ढिगातलीही चार फळे कापून पाहावी लागतात. या न निवडलेल्या नोंदींचे काम तेच आहे. मात्र तिची मर्यादाही लक्षात घ्यावी. दीड अब्जात एक अशी गोष्ट चार फळांत सापडत नाही. नेहमीच्या टकरी कशा दिसतात, ट्रिगरचे ढोबळ मोजमाप कुठे घसरते, हे या नमुन्यातून कळते. दुर्मिळ आणि अनोळखी असे काही हातचे गेले नाही, याची हमी त्यातून मिळत नाही.

---

जांभाचिरा (देवरूख)

कातळशिल्प यांनी मोठ्या यंत्राचे सांगितले; मी प्रयोगशाळेतल्या टेबलावरचे सांगतो, कारण ट्रिगरचे मूळ तिथे हाताने तपासता येते आणि बारावीचे विद्यार्थी ते स्वतः करू शकतात.

सिंटिलेटरच्या, म्हणजे कण आरपार गेला की चमकणाऱ्या पदार्थाच्या, २० सेंटिमीटर बाजूच्या दोन चौरस पट्ट्या एकावर एक ठेवाव्यात आणि प्रत्येकीला एक फोटोमल्टिप्लायर (त्या अंधुक प्रकाशाचा विद्युत स्पंद करणारी नळी) जोडावा. समुद्रसपाटीला वैश्विक किरणांतले म्यूऑन दर चौरस सेंटिमीटरमागे मिनिटाला साधारण एक या प्रमाणात येतात, म्हणजे एका पट्टीवर मिनिटाला सुमारे ४००. पण एकट्या पट्टीचा मोजक पाहिला तर सेकंदालाच हजारभर स्पंद दिसतात, कारण त्यात नळीचा स्वतःचा गोंगाट असतो. दोन्ही पट्ट्यांतून १०० नॅनोसेकंदांच्या आत स्पंद आला तरच मोजा, अशी अट घातली की गोंगाट जवळजवळ गळून पडतो. निव्वळ योगायोगाने जुळणाऱ्या जोड्यांचा दर म्हणजे दोन्ही दरांचा गुणाकार, गुणिले कालखिडकीची दुप्पट: १००० × १००० × २ × १०० नॅनोसेकंद, म्हणजे सेकंदाला ०.२, मिनिटाला १२. चारशेंच्या तुलनेत हे चालून जाते.

आता कोकणातला पावसाळा येतो. हवेतली आर्द्रता नळीच्या उच्च दाबाच्या जोडणीपर्यंत पोहोचते, तिथून सूक्ष्म विद्युतगळती सुरू होते आणि एकेका नळीचा गोंगाट सहज पाचपट होतो. दर ५००० धरला तर योगायोगाच्या जोड्या पाचपट न होता पंचवीसपट होतात: सेकंदाला ५, मिनिटाला ३००. म्हणजे मोजकावर ७०० आकडा दिसतो आणि त्यातले जवळजवळ निम्मे म्यूऑन मुळात आलेलेच नसतात. सिलिका जेलच्या पुड्या आणि बंद पेटी हा एक उपाय आहे. पण विद्यार्थ्यांना शिकवण्यासारखे दोन उपाय निराळे आहेत. खिडकी २० नॅनोसेकंदांवर आणली की योगायोग पाचपट घटतात. आणि तिसरी पट्टी खाली ठेवून तिघींची सहमती मागितली की ते मिनिटाला एकाच्याही खाली जातात. किती पट्ट्यांची सहमती मागायची, खिडकी किती अरुंद ठेवायची, आणि खिडकी फार अरुंद केल्यावर खरे म्यूऑन किती गमवायचे, हेच तीन प्रश्न मोठ्या प्रयोगांतही विचारले जातात.

या विचाराचा इतिहासही वर्गात सांगण्यासारखा आहे. वाल्थर बोटे यांनी सहमतीची पद्धत रूढ केली, १९५४ सालचा नोबेल पुरस्कार त्यांना त्यासाठी मिळाला. १९३० साली ब्रूनो रॉसी यांनी निर्वात नळ्यांचे असे मंडल बनवले की दोनच काय, तीन मोजकांची सहमतीही तपासता येऊ लागली. तोवर मेघपेटीची (कणाचा मार्ग धुक्याच्या रेषेने दाखवणाऱ्या पेटीची) छायाचित्रे अंदाजाने, यादृच्छिक क्षणी काढली जात आणि बहुतेक रिकामी निघत. १९३२ साली ब्लॅकेट आणि ओक्कियालिनी यांनी पेटीच्या वर आणि खाली मोजक ठेवले आणि दोन्हींतून एकाच वेळी स्पंद आला तरच पेटी प्रसरण पावेल अशी व्यवस्था केली. छायाचित्र कधी काढायचे हे कणानेच ठरवू लागणे, ही ट्रिगरची खरी सुरुवात आहे.

---

सागरशाळा (मालवण)

दोघांचेही मनापासून आभार. पंचवीसपटीचे गणित मी याच आठवड्यात फळ्यावर मांडणार आहे.

कातळशिल्प, आपल्या उत्तरातला शेवटचा परिच्छेद मला अधिक महत्त्वाचा वाटला. झेड बोसॉनची पद्धत जो कण आपल्याला आधीच ठाऊक आहे त्याच्याविषयीच सांगते, आणि न निवडलेला नमुना दुर्मिळ गोष्टींसाठी अपुरा आहे. मग जो नवा कण म्यूऑनसारखा किंवा फोटॉनसारखा वागतच नाही, त्याचे काय? तो हातचा निसटू शकतो, असेच विद्यार्थ्यांना सांगायचे का?

---

सुरंगी (वेंगुर्ला)

मॅडम, होय, तसेच सांगावे, आणि निसटतो कसा तेही दाखवावे. माझे रोजचे काम एफपीजीएवर, म्हणजे हवी तशी जोडणी करता येणाऱ्या चिपवर, मंडले बसवण्याचे आहे, त्यामुळे मी वेळेच्या बाजूने एक उदाहरण देते.

समजा, एक जड, विद्युतभारित आणि दीर्घायुषी कण निर्माण झाला आणि तो प्रकाशाच्या निम्म्या वेगाने निघाला. टक्करबिंदूपासून म्यूऑन-कक्ष ७ मीटरवर आहे असे धरू. नेहमीचा म्यूऑन तिथे २३ नॅनोसेकंदांत पोहोचतो. या कणाला ४७ लागतात. उशीर सुमारे २३ नॅनोसेकंदांचा, म्हणजे जवळजवळ दोन पुंजक्यांमधल्या वेळेइतका. म्यूऑन-कक्षाच्या दृष्टीने हा कण पुढच्या टकरीतून आलेला आहे. ट्रिगर 'ठेवा' म्हणतो खरा, पण रांगेतला पुढचा प्रसंग ठेवला जातो, आणि मार्गशोधकात त्या कणाच्या खुणा ज्या मागच्या प्रसंगात आहेत तो पुसला जातो. इथे यंत्रात काहीच बिघडलेले नसते. 'कण प्रकाशाच्या वेगाने येतो' हे गृहीतक मंडलात विणलेले असते, एवढेच. असे काही असू शकते हे एकदा सुचले की उपाय सापडतो: सीएमएसमध्ये आरपीसी या एका प्रकारच्या म्यूऑन-कक्षांच्या संकेतांची वेळ अशा कणांसाठी मुद्दाम एका पुंजक्याने सरकवण्याची युक्ती वापरली गेली होती. पण ते आधी कोणाला तरी सुचावे लागते.

काही सेंटिमीटर किंवा काही मीटर जाऊन मग विघटन पावणाऱ्या उदासीन कणांचेही असेच आहे. त्यांच्यापासून निघालेले मार्ग टक्करबिंदूकडे परत जात नाहीत, आणि वेळ वाचवण्यासाठी शोध टक्करबिंदूपासूनच सुरू करणारा अल्गोरिदम त्यांना मार्ग म्हणून ओळखतच नाही. अलीकडच्या काळात अशा कणांसाठी स्वतंत्र ट्रिगर लिहिले गेले आहेत, आणि मला तरी हे काम नव्या त्वरकांइतकेच मोलाचे वाटते.

पहिल्या पातळीच्या ४ मायक्रोसेकंदांत हिशेबासाठी किती वेळ उरतो, हेही विद्यार्थ्यांना दाखवावे. प्रकाशतंतूतून संकेताला मीटरमागे ५ नॅनोसेकंद लागतात. शोधकाची गुहा आणि इलेक्ट्रॉनिक्सची खोली यांच्यामधली तार १०० मीटर धरली तर जायला ५०० आणि निरोप घेऊन यायला ५००, म्हणजे एक मायक्रोसेकंद केवळ प्रवासात गेला. त्याशिवाय संकेत अंकीय करणे, त्यांची जुळणी करणे, एका फळीवरून दुसरीवर नेणे, या सगळ्यांचा वाटा काढून उरते त्यात गणित करायचे. म्हणून एफपीजीएमध्ये भागाकार शक्यतो टाळतात आणि उत्तरे आधीच काढून तक्त्यात भरून ठेवतात.

२०२४ पासून सीएमएसच्या याच पातळीवर एक वेगळा प्रयत्न सुरू झाला आहे. एका लहान न्यूरल नेटवर्कला फक्त न निवडलेले, म्हणजे नेहमीचे प्रसंग दाखवून शिकवतात आणि मग जो प्रसंग त्याला अनोळखी वाटेल तो ठेवायला सांगतात. हे नेटवर्क एफपीजीएवर काही दहा नॅनोसेकंदांत उत्तर देते. मला या प्रयत्नाविषयी आस्था आहे, पण एक अडचण मांडते: शोधकाचा एखादा भाग क्षणभर बिघडला तर तोही अनोळखीच दिसतो. जे वेगळे ते नवे भौतिकशास्त्र, असे समीकरण होत नाही, आणि अशा ट्रिगरची कार्यक्षमता कोणत्या कणाच्या साहाय्याने मोजायची हा प्रश्न पुन्हा उभा राहतोच.

---

कातळशिल्प (रत्नागिरी)

सुरंगी यांचा मुद्दा मान्य आहे, मात्र त्याला एक जोड देतो. सुचण्यावर अवलंबून राहणे कमी करण्याचा दुसरा मार्ग म्हणजे निवड पुढे ढकलणे किंवा कमी माहिती ठेवून जास्त प्रसंग राखणे.

एलएचसीवरच बी-क्वार्क या जड मूलकणाचा अभ्यास करणाऱ्या एलएचसीबी प्रयोगाने २०२२ मध्ये सुरू झालेल्या टप्प्यापासून हार्डवेअरची पहिली पातळी पूर्णपणे काढून टाकली. बी-हॅड्रॉनांच्या (बी-क्वार्क असलेल्या कणांच्या) ज्या विघटनांत म्यूऑन नसतात, त्यांच्यासाठी ढोबळ ऊर्जेचा उंबरठा लावला की टकरींचा दर वाढवूनही उपयोगी नोंदी तितक्या वाढत नव्हत्या. जास्तीच्या टकरी उंबरठा उंचावण्यातच खर्ची पडत होत्या. आता तिथे सेकंदाला सुमारे ३ कोटी प्रसंगांची संपूर्ण माहिती बाहेर येते, ४ टेराबाइट प्रति सेकंद इतकी, आणि पहिली निवड ग्राफिक्स प्रोसेसरांवर मार्ग जुळवूनच होते. त्यातून उरलेले प्रसंग डिस्कवर थांबतात, तेवढ्यात शोधकाचे अंशांकन (कॅलिब्रेशन) पुरे होते, आणि दुसरी निवड अंतिम दर्जाच्या मोजमापावर होते. एलएचसीबीचे प्रसंग आकाराने लहान असतात म्हणून हे साधते. सीएमएस आणि ॲटलस यांना आज ते शक्य नाही. त्यांच्या पुढच्या टप्प्यात सीएमएसची पहिली पातळी १२.५ मायक्रोसेकंदांची होईल, सेकंदाला साडेसात लाख प्रसंग पुढे जातील, आणि मार्गशोधकाची माहिती पहिल्यांदाच या पातळीवर वापरली जाईल.

कमी माहिती ठेवण्याच्या मार्गाला सीएमएसमध्ये स्काउटिंग म्हणतात. एक मेगाबाइटचा प्रसंग न ठेवता त्यातून संगणकगृहाने तिथल्या तिथे काढलेले म्यूऑन आणि जेट (एका दिशेने निघालेल्या कणांचे झोत) एवढेच काही किलोबाइटांत लिहायचे. त्यामुळे कमी वस्तुमानाच्या कणांचा शोध घेता येतो, जिथे नेहमीचे उंबरठे फार वर असतात. किंमत अशी, की मूळ माहिती नसल्यामुळे नंतर पुन्हा मोजमाप करता येत नाही.

२०१८ साली केलेला एक प्रयोग मात्र आपल्या विद्यार्थिनीला अवश्य सांगावा. बी-क्वार्क जोडीने निर्माण होतात. सीएमएसने जोडीतल्या एकापासून आलेल्या म्यूऑनवर ट्रिगर लावून सुमारे १० अब्ज प्रसंग साठवले आणि त्यांचे विश्लेषण सवडीने करायचे ठरवले. जोडीतला दुसरा बी-क्वार्क या प्रत्येक प्रसंगात कोणतीही अट न लावता आलेला असतो. त्याचे कसेही विघटन होवो, निवड त्याच्याकडे पाहून झालेलीच नाही. टाकून दिलेल्यांविषयी बोलण्याचा याहून स्वच्छ मार्ग मला माहीत नाही, मात्र तो जोडीने येणाऱ्या कणांपुरताच चालतो.

---

सागरशाळा (मालवण)

जोडीचे उदाहरण वर्गात सर्वांना पोहोचेल असे वाटते. शेवटची एक विनंती: आमच्याकडे संगणककक्ष आहे, पण सिंटिलेटर नाही. ट्रिगरची कार्यक्षमता विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष काढून पाहता येईल असे काही आहे का?

---

कातळशिल्प (रत्नागिरी)

आहे. सर्नच्या ओपन डेटा संकेतस्थळावर सीएमएसने २०१६ सालच्या नोंदी खुल्या केलेल्या आहेत. त्यांचे जे संक्षिप्त स्वरूप उपलब्ध आहे त्यात प्रत्येक प्रसंगापुढे कोणता ट्रिगर चालला याचा स्वतंत्र रकाना असतो, आणि ते साध्या पायथनने वाचता येते. एक फाइल पुरे.

विद्यार्थ्यांनी प्रत्येक प्रसंगातला चांगल्या दर्जाचा, आसपास इतर कण नसलेला एक म्यूऑन घ्यावा, त्याचा आडवा संवेग ५ ते ६० जीईव्हीच्या पट्ट्यांत विभागावा, आणि प्रत्येक पट्टीत २४ जीईव्हीचा म्यूऑन ट्रिगर चाललेल्यांचे प्रमाण काढावे. २४ च्या आसपासचा चढ आलेखात स्पष्ट दिसतो. साठच्या जवळही वक्र शंभर टक्क्यांना टेकत नाही, हे त्यांच्या लक्षात आणून द्यावे. म्यूऑन-कक्षांमधल्या फटी आणि पहिल्या पातळीचे ढोबळ मोजमाप यांचा तो परिणाम आहे.

फक्त नोंदींचा संच निवडताना काळजी घ्यावी. संकेतस्थळावरचा प्रत्येक संच कोणत्या ना कोणत्या ट्रिगरनेच निवडलेला आहे. म्यूऑन ट्रिगरने गोळा केलेला संच घेतला तर ज्यांनी तो ट्रिगर चालवला नाही ते म्यूऑन त्यात बहुतेक नसतीलच आणि उत्तर फसवे, खूप वरचे येईल. जेटच्या ट्रिगरने गोळा केलेला संच घ्यावा. त्यातले म्यूऑन कोणीही त्यांच्याकडे न पाहता आत आलेले असतात. दोन्ही संचांवर तेच गणित करून दोन वक्र एकाच आलेखावर काढायला लावले, तर आपल्या विद्यार्थिनीने विचारलेला फरक तिला स्वतःच्या आलेखात दिसेल. फाइल उघडताना काही अडले तर इथेच लिहावे, मी पाहतो.